जुना संगणक आणि घराची शाकारणी

संगणक ही वस्तू आपल्या घरांत आणि मंडळांत आता नवलाची राहिलेली नाही. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत गोवा शासनाच्या सायबरएज योजनेने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचविले. त्याच सुमारास परदेशस्थ गोवेकरांनी तिकडचे वापरलेले संगणक जहाजाने पाठवून येथील शाळांत बसविले आणि त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालविली. तिकडे निकामी ठरलेली यंत्रे इकडे पुन्हा कामाला लागली, याचे त्या वेळी कौतुक झाले. आज तेच आपण, टेबलावरच्या संगणकाचा कोणता भाग केव्हा बदलावा असा साधा प्रश्न निघाला की, दोन टोकांना जाऊन बसतो. एक पक्ष म्हणतो, सगळेच टाकून नवे आणा. दुसरा म्हणतो, चालते आहे तोवर हात लावू नका. आम्हांला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

वादाला निमित्त झाले ते एका तारखेचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरली. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ साली आली, ती मात्र वाटेल त्या यंत्रावर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ पासून पुढचा प्रोसेसर लागतो. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत मंडळे, देवस्थाने, वाचनालये आणि घरे यांत आजही जे संगणक आहेत, त्यांतले पुष्कळसे या अटीत बसणारे नाहीत. विक्रेत्याला हे पुरे झाले. "तुमचा संगणक संपला," असे तो म्हणाला, आणि आपल्यातल्या अनेकांनी मान डोलावली.

परंतु संपले काय? यंत्राचा एकही भाग त्या दिवशी बिघडला नाही. आदल्या दिवशी जो पंखा फिरत होता तो दुसऱ्या दिवशीही फिरला, जी अक्षरे उमटत होती ती उमटली. संपला तो एका कंपनीने द्यावयाचा सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा. ही गोष्ट क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणत नाही. इंटरनेटला जोडलेला आणि दुरुस्त्या न मिळणारा संगणक म्हणजे कडी नसलेले दार. त्यावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. पण कडी नाही म्हणून कोणी घर पाडीत नाही. त्याच यंत्रावर लिनक्स बसविता येते, त्यात मराठी युनिकोड आणि लिब्रे ऑफिस ही साधने विनामूल्य चालतात. किंवा ते यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखन आणि जुन्या फायली यांपुरते ठेवता येते. तारीख प्रणालीची होती. ती आपण हार्ड डिस्कला, रॅमला, कॅबिनेटला आणि मॉनिटरला सरसकट लावली, हा विचाराचा आळस होय.

दुसऱ्या पक्षाचा आळस याहून जुना आणि याहून प्रतिष्ठित आहे. तो काटकसरीचे वस्त्र पांघरून येतो. "आमचा संगणक पंधरा वर्षे झाली, एकदाही उघडला नाही," हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने उच्चारले जाते. पंधरा वर्षांत ज्या घराच्या छपरावर कोणी चढले नाही, त्या घराविषयी असा अभिमान कोणी बाळगील काय?

आपली घराणी मोरजीत आणि पेडणे महालात कित्येक पिढ्यांपूर्वी स्थिरावली; १७८८ साली हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, त्याच्याही आधी येऊन राहिलेली त्यांत आहेत. नळ्यांच्या कौलांची, मातीच्या भिंतींची घरे या घराण्यांनी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणपट्टीच्या पावसात टिकविली, ती कशाच्या बळावर? शाकारणीच्या. मृगाआधी माणूस छपरावर चढतो, कौले उतरवितो, फुटकी बाजूला काढतो, धडकी पुसून परत लावतो, कुजलेली रीप बदलतो, वासा ठोकून पाहतो. पडवीवरचे एखादे कौल तडकलेले असले तर ते पुढल्या वर्षावर टाकता येते. पण देव्हाऱ्यावर किंवा कागदपत्रांच्या पेटाऱ्यावर थेंब पडत असेल, तर ते कौल कितीही नवे दिसो, त्याच दिवशी बदलावे लागते. कौलाचे वय कोणी विचारीत नाही. त्याच्या खाली काय आहे, हे विचारतात.

संगणकाच्या बाबतीत आमचे म्हणणे याहून वेगळे नाही. भाग केव्हा बदलावा, हे त्याच्या वयावरून ठरवू नये, विक्रेत्याच्या तारखेवरून ठरवू नये, आणि तो बंद पडण्याची वाट पाहूनही ठरवू नये. एकच प्रश्न विचारावा: हा भाग आज रात्री गेला, तर उद्या सकाळी आपल्यापाशी काय नसेल? या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे यंत्राच्या भागांचे तीन वर्ग पडतात. पहिला, ज्याच्याबरोबर परत न मिळणारे काही जाते. दुसरा, जो जाताना इतरांना घेऊन जातो. तिसरा, जो गेला तर केवळ काम खोळंबते.

पहिल्या वर्गात एकटी हार्ड डिस्क आहे. तिच्यात चकत्या मिनिटाला हजारो वेळा फिरत असतात आणि त्यांच्यावरून, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून, वाचणारे टोक तरंगत असते. असे यंत्र झिजणारच. पण ते झिजताना सूचना देईल, हा आपला भरवसा खोटा आहे. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिच्यातील ज्या चार खुणा धोक्याच्या म्हणून सर्वांत ठळक ठरल्या, त्यांपैकी एकही खूण बंद पडलेल्या डिस्कांतील निम्म्याहून अधिक डिस्कांनी दाखविली नव्हती. उलट, ज्या डिस्कमध्ये वाचनाच्या तपासणीत पहिला दोष सापडला, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाला. याचा अर्थ सरळ आहे. खूण दिसली तर एक दिवसही थांबू नये. खूण दिसली नाही तर निर्धास्त राहू नये. 'कर् कर्' असा आवाज येईपर्यंत वाट पाहणारा मनुष्य वैद्याला बोलावण्यासाठी रुग्णाची शुद्ध हरपण्याची वाट पाहत असतो.

या डिस्कांवर आपण ठेवले आहे तरी काय, याचा विचार व्हावा. छापून झालेले अंक घरोघर आहेत. ते सहसा नाहीसे होणार नाहीत. पण जे छापले गेले नाही त्याचे काय? घरांतल्या मोडी दप्तरांची कोणी चिकाटीने केलेली लिप्यंतरे, वंशावळी, देवस्थानच्या जुन्या हिशेबांच्या नकला, वृद्ध स्त्रियांच्या तोंडून उतरवून घेतलेली धालोची आणि फुगडीची गीते, दिवंगत लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते: हे सारे एकदा टंकून झाले की मूळ कागद पुन्हा पेटाऱ्यात जातो, किंवा जातही नाही. सांगणारी बाई काळाच्या पडद्याआड जाते. मग त्या गीताची जगातली एकमेव प्रत एका चकतीवर, एका कपाटाशेजारी, एका पंख्याच्या भरवशावर उभी राहते. वाळवी लागलेल्या दप्तरातही चार ओळी वाचता येतात, फाटक्या पानावरूनही विषय कळतो. डिस्कला अर्धवट मरण क्वचितच येते. ती जाते तेव्हा बहुधा सर्वस्व घेऊन जाते.

म्हणून डिस्कच्या बाबतीत आम्ही काटकसरीचा युक्तिवाद ऐकून घेणार नाही. पाच वर्षांहून जुनी डिस्क कामात असेल, तर ती चांगली चालत असतानाच बदलावी. कारण चालत असतानाच तिच्यावरचे सर्व काही बिनबोभाट उतरवून घेता येते. जुन्या यंत्रांत रुंद पट्टीच्या आयडीई जोडणीच्या डिस्का आहेत. २००३ पासून साटा जोडणी आली आणि आयडीई डिस्का बाजारातून गेल्या. त्यांना बदली मिळण्याची आशा धरू नये, यूएसबीला जोडणारा अडॅप्टर आणून त्यांच्यावरचा मजकूर तेवढा सोडवून घ्यावा. नव्या कामासाठी एसएसडी बसविली, तर जुन्या यंत्रालाही हुशारी येते, हे अनेकांनी अनुभवले असेल. मात्र एसएसडी भरून कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. विजेवाचून दीर्घ काळ पडून राहिली तर तिच्यावरचा मजकूर विरण्याचा धोका असतो.

आणि डिस्क बदलली म्हणजे कर्तव्य संपले असेही नव्हे. जाणकारांचा नियम असा की महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. मोरजीतल्या मंडळाची तिसरी प्रत मोरजीतच शेजारच्या घरी ठेवून भागणार नाही. एकाच विजेचा लोळ आणि एकच पाऊस दोन्ही घरांना गाठतो. ती पणजीला, बेळगावला किंवा मुंबईला असलेल्या एखाद्या आप्ताच्या कपाटात असावी.

दुसऱ्या वर्गातले भाग म्हणजे एसएमपीएस, पंखे आणि यूपीएस. यांच्यात आपले काहीही साठविलेले नसते, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. परंतु मदरबोर्डाला, प्रोसेसरला आणि डिस्कला अन्न पुरविणारा एसएमपीएस जर बिघडता बिघडता अधिक दाबाची वीज सोडून गेला, तर त्या सर्वांना बरोबर नेऊ शकतो. त्याच्या पोटात आणि मदरबोर्डावर जी लहान नळकांड्यांसारखी कॅपॅसिटर असतात, ती उष्णतेने आतून सुकत जातात. त्यांच्या बाबतीत ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरले तर आयुष्य सुमारे दुप्पट होते. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तर सदोष कॅपॅसिटरांमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड अकाली गेले. कॅबिनेट उघडल्यावर मदरबोर्डावरच्या एखाद्या नळकांड्याचा माथा फुगलेला दिसला, किंवा त्याच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला, तर ते यंत्र उद्या चालेल की नाही याचा नेम नाही असे समजावे. एसएमपीएस मात्र घरी कोणी उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युत्भार राहतो. त्याचा पंखा अडखळू लागला, जळका वास आला, संगणक मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, की तो सबंध बदलावा. आणि बदलताना कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या, लेबलावर वाटेल तेवढे वॅट छापलेल्या डब्याला भुलू नये. या एका भागात स्वस्ताई सर्वांत महाग पडते.

यूपीएसची बॅटरी हीसुद्धा शोभेची वस्तू होऊन बसलेली असते. आपल्या उष्ण हवेत ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवा दिसतो, आवाजही येतो, पण वीज गेल्यावर यंत्र एक मिनिटही उभे राहत नाही. वर्षातून एकदा, काम जतन करून, भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. उत्तर ताबडतोब मिळते. आणि पावसाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की प्लग आणि ब्रॉडबँडची वायर दोन्ही काढून ठेवावीत. त्याहून मोठे संरक्षण कोणताही दुकानदार विकत नाही.

राहिला तिसरा वर्ग: रॅम, मदरबोर्डावरची बॅटरी, कीबोर्ड, माउस, मॉनिटर. येथे मात्र आम्ही 'हात लावू नका' पक्षाच्या बाजूने बोलतो. हे भाग बिघडेपर्यंत वापरावेत; आणि बिघडल्यासारखे वाटले तरी आधी साफ करून पाहावेत. संगणकाचे घड्याळ मागे जाते, तारीख भलतीच दिसते, म्हणून यंत्र बाद ठरविणारे लोक आहेत. त्या दुखण्याचे औषध सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बटणाएवढी बॅटरी, जिला एका वेळच्या चहा-भज्यांएवढाही खर्च येत नाही. समुद्राकाठच्या गावांत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर खारी, दमट हवा आपला थर चढविते, आणि यंत्र सुरू होताना नुसते शिटी मारीत बसते. अशा वेळी पट्टी काढून, दात साध्या खोडरबराने हलकेच पुसून, कोरड्या कुंच्याने खाच झाडून पुन्हा बसविली की पुष्कळदा काम होते. ही युक्ती आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्या मुलाला ठाऊक असते. ती आपल्याला ठाऊक नसली की तिचेच बिल होते. पावसाळ्याचे चार महिने यंत्र झाकून, बंद ठेवणे हा उपचार नसून रोग आहे. आठवड्यातून दोनदा तासभर चालविले, तर त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग जुने यंत्र टाकायचे कधीच नाही काय? टाकायचे, त्याचीही सीमा आहे, आणि ती ओलांडूनही डागडुजी करीत राहणे यात शहाणपण नाही. मदरबोर्ड गेला की साखळी सुरू होते. जुन्या प्रोसेसरला बसणारा नवा मदरबोर्ड मिळत नाही. नवा घेतला तर प्रोसेसर नवा लागतो. आणि डीडीआर ३ ची रॅम डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही, डीडीआर ४ ची डीडीआर ५ मध्ये बसत नाही. तीन भाग एकदम बदलावे लागले की आपण दुरुस्ती करीत नसतो, जुन्या पेटीत नवा संगणक विकत घेत असतो. आढेच मोडले तर कौले बदलून उपयोग नाही. तेव्हा जुन्याची डिस्क, मॉनिटर, कीबोर्ड यांतले धड ते काढून घ्यावे आणि बाकीचे सोडावे. परंतु सोडावे म्हणजे भंगारवाल्याच्या हातगाडीवर किंवा सड्यावर टाकावे असे नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत प्रक्रियादाराकडेच गेला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्के एवढाच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातले शिसे कोणाच्या ना कोणाच्या विहिरीत उतरण्याची भीती आहेच.

'सगळे नवे आणा' या पक्षाचा आणखी एक युक्तिवाद विजेचा. जुना संगणक वीज फार खातो, असे सांगितले जाते. हिशेब करू. यंत्र ८० वॅट घेते असे धरले आणि दिवसाला चार तास चालविले, तर महिन्याला सुमारे दहा युनिट होतात. नव्याने यांतली बहुतेक वाचविली, तरी त्या बचतीतून त्याची किंमत भरून निघेपर्यंत नवेही जुने झालेले असेल. शिवाय नवे नेहमी स्वस्तच होत जाते, हा समजही २०२५ च्या अखेरीस खोटा ठरला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. धड रॅमची पट्टी ज्यांनी जुन्या यंत्राबरोबर भंगारात दिली, त्यांना तिची किंमत तेव्हा कळली असेल.

आता 'हात लावू नका' या पक्षाला त्याचे सर्वांत अवघड दुखणे दाखविणे भाग आहे. पुष्कळ मंडळांत जुना संगणक ठेवला जातो तो प्रेमाने नव्हे. ओलीस ठेवल्यासारखा ठेवला जातो. त्यावर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या त्या काळच्या मराठी सॉफ्टवेअरांतले मजकूर आहेत. अशा काहींना हार्डवेअर लॉक लागे, आणि तो यंत्राच्या मागे ज्या जाड प्रिंटर-पोर्टला लावीत, तो पोर्ट आजच्या यंत्रांना नसतो. मांडणी पेजमेकरमध्ये केलेली आहे. त्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ सालची, २००४ मध्ये त्याचा विकास थांबला, आणि त्याच्या फायली आजचे इनडिझाइन उघडत नाही. यांतले फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. फाईल दुसरीकडे नेली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा दिसतो. फाईल शाबूत आहे, वाचणारा नाही. मोडीचे आपण हेच करून बसलो आहोत. दप्तरे घरात आहेत, कागद धड आहे, शाई काळी आहे. वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याएवढी उरली. शंभर वर्षांत जे मोडीचे झाले, ते या फायलींचे पंचवीस वर्षांत होऊ घातले आहे. असे असता यंत्राला हात न लावणे ही निष्ठा कशी म्हणावी?

लेखन साधनाच्या अधीन झाले की काय होते, याचा दाखला गोव्याइतका दुसऱ्या कोणत्या भूमीत नसेल. १५५६ साली येथे छापखाना आला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखित नकलांतून. त्यांतली एक देवनागरीतली, लंडनच्या मार्सडेन संग्रहातील. छापखान्याने जे राखले नाही ते नकलाकारांनी राखले. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे, आणि एका साधनात कोंडलेले लेखन सुरक्षित नव्हे, हा धडा आपल्या मातीतला आहे.

म्हणून जुन्या यंत्राला जिवंत ठेवण्याचे एकमेव सबळ कारण हेच आणि तितक्याच काळापुरते: त्याच्यातला मजकूर युनिकोडमध्ये सुटेपर्यंत. त्यासाठी त्याची डिस्क बदलावी, एसएमपीएस बदलावा, त्याला इंटरनेटपासून दूर ठेवावे, आणि रोज थोडे थोडे बाहेर काढावे. रूपांतर करणारी साधने आहेत. पण ती जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी येथे ठेचकाळतात. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांतला भेद त्यांच्या हाती सोपविला, तर स्वयंपाक्याला गुरुदक्षिणा मिळेल. तेव्हा प्रत्येक पान मराठी जाणणाऱ्याने डोळ्यांखालून घातले पाहिजे. हे काम आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांचे आणि वाचनाची आवड असलेल्या गृहिणींचे आहे. कोणताही संगणक-विक्रेता ते करून देणार नाही. शेवटी एक छापील प्रत घरी आणि एक पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे देऊ करावी. कागदाला प्रणाली लागत नाही.

तरुण मंडळी म्हणतील, एवढी यातायात कशाला, सारे क्लाउडवर टाका. टाकावे, तीन प्रतींपैकी एक प्रत म्हणून अवश्य टाकावे. पण ते खाते कोणाच्या नावाचे? चिटणीसांच्या. पासवर्ड कोणाला ठाऊक? चिटणीसांना. ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? चिटणीसांच्या. उद्या चिटणीस मुलाकडे परदेशी गेले किंवा देवाघरी गेले, तर मंडळाचे दप्तर आकाशात सुखरूप आणि आपण जमिनीवर रिकाम्या हाताने. देवस्थानच्या पेटीला एकाहून अधिक किल्ल्या ठेवण्यामागे काही विचार होता. तो येथेही चालवावा.

'आम्हांला यातले कळत नाही,' ही सबबही आम्ही मानत नाही. बागायतीतला माड केव्हा काढायचा आणि कोणता ठेवायचा हे आपल्याला कळते. त्यासाठी आपण वनस्पतिशास्त्र शिकलो नव्हतो. एक वही घालावी. तीत प्रत्येक भाग केव्हा बसविला ते लिहावे, आणि तीच तारीख त्या भागावरही शाईने लिहावी. वर्षातून एकदा, मृगाआधी, कॅबिनेट उघडून धूळ झाडावी, पंखे फिरवून पाहावेत, कॅपॅसिटरांचे माथे पाहावेत, डिस्कची प्रकृती सांगणारा विनामूल्य प्रोग्रॅम चालवून त्याचे आकडे वहीत उतरवावेत. दुरुस्तीवाला आला तर एका वेळी एकच भाग बदलावा, नाहीतर दोष कोणात होता हे कधीच कळत नाही. काढलेला जुना भाग हातात मागून घ्यावा. आणि काहीही बदलण्यापूर्वी प्रत निघाली आहे ना, हे स्वतः उघडून पाहावे. प्रत काढली आहे असे सांगणारे पुष्कळ, उघडून पाहणारे थोडे.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत नव्या संगणकासाठी निधी उभारण्याचा विषय निघेल, असे दिसते. निधीला आमचा विरोध नाही. आमचे मागणे इतकेच की त्या निधीतला पहिला रुपया नव्या पडद्यासाठी खर्च होऊ नये. तो दोन बाहेरच्या डिस्कांसाठी खर्च व्हावा, दुसरा युनिकोडच्या कामासाठी, तिसरा एसएमपीएससाठी. एवढे झाल्यावर जे उरेल त्यात नवा संगणक येत असेल तर जरूर यावा. आणि ठराव मांडणाऱ्याने सभेला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: आपल्या आज्यांनी गायिलेल्या धालोच्या गीतांच्या आज किती प्रती आहेत, आणि त्या कोठे कोठे आहेत? हे उत्तर ज्या दिवशी वहीत लिहिले जाईल, त्या दिवसापर्यंत नव्या यंत्राचा विषय सभेपुढे घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.